नाव माहीत नसलेली झाडं ओळखायची कशी, आणि तोवर जगवायची कशी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. गणपतीच्या सुमारास तुम्ही वाईला मावशींच्या घरात राहायला आलात. त्याआधी घर वर्षभर बंद होतं. मावशी आता नाहीत आणि त्यांच्या बागेतल्या तीन झाडांची नावं सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही. ओट्यावरच्या पसरट कुंडीत नक्षीदार पानं होती. ती दिवाळीनंतर पिवळी पडून वाळली आणि आता जानेवारीत तिथं नुसती माती आहे. ॲपनं त्या पानांच्या जुन्या फोटोला हळद, कर्दळ आणि मरांटा अशी तीन नावं दिली. शेजारच्या काकू मात्र म्हणतात, ‘अगं तो चाफा आहे, टाकू नकोस.’ दुसरं बोअरच्या नळाजवळचं कमरेएवढं झुडूप. पानं चकचकीत, फूल एकही नाही आणि शेंड्याकडची पानं पिवळी. ॲप त्याला कधी अनंत म्हणतं, कधी तगर, कधी चक्क कॉफी. तिसरा कुंपणावरचा वेल, चिंचेसारखी पानं आणि वाळलेल्या शेंगांचे घोस असलेला. घरात चार वर्षांचा मुलगा आहे.

तुम्ही विचारलंय ‘ही झाडं कोणती?’ पण तुमच्यापुढचे खरे प्रश्न वेगळे आहेत. कुंडी रिकामी करू का, झुडपाला काय घालू आणि वेलाचा मुलाला धोका आहे का? यातल्या तिसऱ्या प्रश्नाला नाव लागतंच, तेही आजच. बाकी दोन ठिकाणी नाव उशिरा कळलं तरी काही बिघडत नाही, कारण झाड कसं जगलं याची माहिती तुमच्यासमोरच आहे. घर वर्षभर बंद असताना, अख्खा उन्हाळा कुणी पाणी न घालता ही तिन्ही तगली. रोपवाटिकेत लोक पान घेऊन येतात तेव्हा मी नाव सांगण्याआधी हेच विचारते: कुठे होतं, ऊन किती वेळ, पाणी कोण घालत होतं, आणि ते बंद झाल्यावर काय झालं? या चार उत्तरांतून निगा कशी करायची हे बरंचसं ठरतं. म्हणून पहिलं वर्ष जागा बदलू नका, छाटू नका, खतांचा मारा करू नका. जुन्या बागेतली बरीच झाडं नव्या मालकाच्या उत्साहानं मरतात.

ॲपबद्दल दोन शब्द. गूगल लेन्स असो, प्लँटनेट असो, ती फोटोशी फोटो ताडून पाहतात. फूल किंवा फळ असेल तर अंदाज चांगला येतो. नुसत्या हिरव्या पानावर ती चाचपडतात, आणि त्यात नवल काही नाही, आम्हीही चाचपडतो. प्लँटनेटमध्ये फोटो पानाचा, फुलाचा, फळाचा की सालीचा हे सांगता येतं, ते जरूर सांगा. एकाच झाडाचे तीन-चार भाग वेगवेगळे द्या. पण पहिल्या नावावर उडी मारण्यापेक्षा सगळी नावं शेजारी ठेवून त्यांच्यात सारखं काय आहे ते बघणं जास्त उपयोगी. तुमच्या कुंडीला ॲपनं हळद, कर्दळ आणि मरांटा म्हटलं. तिन्ही वेगवेगळ्या कुळांतली, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच गणातली, म्हणजे आल्या-हळदीच्या गोतावळ्यातली. याचा अर्थ ॲप नेमक्या नावात चुकलं असेल, पण गोतावळा त्यानं बहुधा बरोबर पकडलाय. आणि एवढ्यावर आपलं पुष्कळ काम भागतं.

आता आधी वेल, कारण तो थांबू शकत नाही.

तुमच्या फोटोतलं एक पान मोठं करून पाहिलं. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना बारीक पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानाच्या छोट्या तुकड्यांच्या, जोड्या आहेत आणि टोकाला एकटी पर्णिका नाही, पान जोडीवरच संपतं. गोकर्णाच्या पानात पर्णिका पाच-सात असतात आणि टोकाला एक हमखास असते, म्हणून गोकर्ण बाद. शेंगा लांब नाहीत. बोटाच्या एका-दोन पेरांएवढ्या, फुगीर आणि टोकाला चोचीसारख्या आहेत. मला ही गुंज वाटते. खात्री करायला तज्ज्ञ नको. जाड हातमोजे घालून एक वाळकी शेंग उघडा. आत लालभडक, गुळगुळीत, एका टोकाला काळा ठिपका असलेल्या बिया निघाल्या की प्रश्न संपला. पांढऱ्या आणि काळ्या बियांचीही गुंज असते, त्यामुळे रंग वेगळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पूर्ण लाल, ठिपका नसलेल्या बिया असतात त्या रतनगुंजेच्या. पण तो मोठा वृक्ष, कुंपणावरचा वेल नव्हे.

गुंजेच्या बीत ॲब्रिन नावाचं फार जहाल विष असतं. टरफल कडक असल्यामुळे अख्खी गिळलेली बी पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावलेली, फुटलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी मात्र घातक. सोनार पूर्वी याच बियांनी सोनं तोलत, त्यामुळे जुन्या घरांत कपाटाच्या कप्प्यात किंवा सोंगट्यांच्या डब्यात सुटी गुंज सापडते. तिथंही एकदा बघून घ्या. मुलानं बी तोंडात घातल्याची नुसती शंका आली तरी उलटी-जुलाबाची वाट बघत घरी थांबू नका. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. सरळ दवाखाना गाठा आणि बी किंवा शेंग सोबत न्या.

वेल ठेवायचा की काढायचा हे घरावर अवलंबून. मोठी माणसंच असती तर मी म्हटलं असतं राहू द्या, देशी वेल आहे, काटक आहे. चार वर्षांचं मूल असताना माझं मत स्पष्ट आहे: काढा. शेंगा पूर्ण उकलून बिया सांडायच्या आत घोस कात्रीनं कापून जाड पिशवीत घाला, तोंड बांधा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. खाली पडलेल्या बिया वेचा. मूळ आत्ता खणायला जमीन कडक असेल तर वेल बुंध्याशी कापून ठेवा आणि मृगाचा पाऊस झाला की ओल्या जमिनीतून मुळासकट काढा. पुढची काही वर्षं पावसाळ्यात तिथं रोपं उगवत राहतील, कारण कडक टरफलाच्या बिया सगळ्या एकदम रुजत नाहीत. रोप लहान असताना उपटणं सोपं असतं.

आता ओट्यावरची कुंडी. ती टाकू नका, आणि तिला पाणीही घालू नका. दुसरी सूचना पाळणं पहिलीपेक्षा अवघड जातं.

तुम्ही पानाचं वर्णन नेमकं केलंय: सरळ उभी पानं, वरून गडद हिरव्यावर फिकट चंदेरी पट्टे आणि मागून जांभळट. ही पाठच निर्णायक. खायच्या हळदीचं पान वरून-खालून हिरवं असतं, नक्षी नसते. काळ्या हळदीच्या किंवा कचोऱ्याच्या पानावर मधल्या शिरेलगत जांभळा पट्टा असतो, पण सगळी पाठ जांभळी नसते. मरांटा आणि तिची भावंडं नक्षीदारही असतात, पाठही जांभळी असते, पण ती घरात लावायची दमट हवेतली झाडं. उन्हाळाभर बंद घराच्या ओट्यावर बिनपाण्याची ती उरली नसती. नक्षी, जांभळी पाठ, हिवाळ्यात पूर्ण गुडूप होणं आणि कोरड्या कुंडीत तगणं, हे चारही जुळतं ते भुईचाफ्याशी. म्हणजे काकू बरोबर आहेत! तुम्ही चाफा म्हटल्यावर झाड शोधत बसलात. आपल्याकडे सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, नागचाफा आणि भुईचाफा ही पाच वेगवेगळ्या कुळांतली झाडं आहेत. एकाची निगा दुसऱ्याला लावली तर नुकसानच होईल.

भुईचाफ्याचा क्रम आपल्या सवयीच्या उलटा असतो. आधी फूल, मग पान. उन्हाळ्यात, साधारण एप्रिल-मेमध्ये, उघड्या मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं वर येतात. देठ जवळपास नसतोच, फूल मातीवर ठेवल्यासारखं दिसतं. एकेक फूल फार टिकत नाही, पण एका गड्ड्यातून एकामागून एक निघत राहतात. नंतर पानं येतात, पावसाळाभर अन्न साठवतात आणि थंडीत वाळतात. आत्ता जमिनीखाली जे आहे ते मेलेलं नाही, झोपलेलं आहे.

खात्री करायची असेल तर कुंडीच्या कडेची माती बोटांनी दोन-तीन इंच उकरा, मध्ये खुपसू नका. लहान गड्डा आणि त्याला दोऱ्यांसारख्या मुळांच्या टोकाला लोंबणाऱ्या फुगीर गाठी दिसतील. हाताला कडक लागल्या तर जिवंत, दाबल्यावर पिचल्या किंवा आतून पोकळ निघाल्या तर गेल्या. गड्ड्याला नख लावून वास घ्या, आल्याच्या कुळातला उग्र सुगंध येईल. चव घेऊन कोणतंही अनोळखी झाड ओळखायचं नाही, इथंही नाही.

करायचं एवढंच: कुंडी आहे तिथेच कोरडी राहू द्या. कुंडी गच्च भरली असेल तर फेब्रुवारीत, कळ्या हलायच्या आत, गड्डे सोडवून पुन्हा लावा. खोल कुंडीपेक्षा पसरट बरी, गड्ड्यावर जेमतेम दोन इंच माती आणि निचरा उत्तम हवा. मार्चनंतर मातीतून टोकं दिसली की पाणी सुरू करा, आधी थोडं आणि पानं आल्यावर नियमित. खत पानं फुटल्यावरच, मूठभर गांडूळखत पुरे. दुपारचं ऊन थेट नको. ओटा पूर्वेकडे असेल तर मावशींनी जागा विचार करूनच निवडली असणार. पावसाळ्यात पन्हाळीखाली ही कुंडी येणार नाही एवढं बघा, कारण साचलेल्या पाण्यात गड्डे कुजतात. एप्रिलमध्ये फूल आलं नाही तरी लगेच निराश होऊ नका. बंद घरात गेल्या पावसाळ्यात पानांना पोषण कमी मिळालं असेल तर एखादं वर्ष नुसती पानं येतात.

आता नळाजवळचं झुडूप. इथं मला नुसत्या फोटोवरून ठाम सांगता येत नाही, पण तुम्हाला घरबसल्या ठरवता येईल.

एक पान देठाशी मोडा आणि मोडलेल्या जागी बघा. पांढरा दुधासारखा चीक आला तर तगर, जवळजवळ नक्की. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा. तगरीच्या आणखी दोन खुणा: फांदी पुन्हा पुन्हा दोन-दोन फाट्यांत विभागत जाते, आणि समोरासमोरच्या पानांच्या जोडीत बऱ्याचदा एक पान मोठं आणि एक लहान असतं. चीक आला नाही तर पेरं बघायचं, म्हणजे जिथून पानांची जोडी निघते ती जागा. मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन दोन्ही देठांच्या मधली फांदी पाहा. अनंताला तिथं पातळ, कागदासारखं आवरण असतं, फांदीभोवती बाही घातल्यासारखं. कोवळ्या शेंड्याला ते हिरवट असतं, खालच्या जुन्या पेरांवर वाळून तपकिरी होतं किंवा नुसता वळ उरतो. म्हणून वरून दुसरं-तिसरं पेरं बघा. तगरीला अशी बाही नसते, मोगऱ्यालाही नसते. अनंताला कधी कधी एका पेऱ्यावर दोनऐवजी तीन पानंही येतात.

कॉफीचं नाव ॲपनं उगाच काढलेलं नाही. अनंत आणि कॉफी एकाच कुळातली, त्यामुळे दोन देठांमधली ती खूण कॉफीतही असते, पण तिथं ती लहान त्रिकोणी असते. शिवाय कॉफीच्या फांद्या खोडातून आडव्या पसरतात आणि पानाची कड लाटेसारखी वरखाली असते. वाईच्या परसात कॉफी कुणी हौसेनं लावलीच नसेल असं नाही, पण मी पैज अनंतावर लावीन. त्याचं कारण तो पिवळेपणा.

कोणती पानं पिवळी आहेत हे फार महत्त्वाचं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी किंवा पाणी जास्त. जुन्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियमचा संशय. तुमच्या झुडपात शेंड्याची नवी पानं पिवळी आहेत आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसताहेत. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. गंमत म्हणजे मातीत लोह बहुतेक वेळा भरपूर असतं. माती चुनखडीची असली की ते मुळांना घेता येत नाही. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी पुष्कळ ठिकाणी असते, आणि तुमचं झुडूप तर बोअरच्या नळाखाली आहे. त्या जड पाण्यातले क्षार वर्षानुवर्षं मुळाशी साचत आलेत. तगर हे निमूट सोसते. अनंताला आम्लधर्मी माती लागते, म्हणून कोकणात जांभ्याच्या मातीत तो कुणी लक्ष न देता फुलतो आणि देशावर कुरकुरतो.

माती तपासायची सोपी रीत: मुळाजवळची चमचाभर माती वाळवून बशीत घ्या, तिच्यावर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुनखडी आहे. नेमका सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे ते) हवा असेल तर जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या.

अनंत ठरला तर त्याला राख, अंड्याची टरफलं आणि चुना या तीन गोष्टी अजिबात नकोत. ‘झाडाला चांगलं’ म्हणून त्या सर्रास घातल्या जातात आणि अनंताचा पिवळेपणा वाढवतात. एप्सम सॉल्टचाही इथं उपयोग नाही, त्यातून मॅग्नेशियम मिळतं, लोह नाही. तात्पुरता उपाय म्हणजे फवारणी: लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर, आधी एका फांदीवर करून बघा आणि पानं करपली नाहीत तर बाकी झाडावर. जमिनीतून द्यायचं तर चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रसायनात बांधलेलं लोह. पाकिटावर त्या रसायनाचं नाव ईडीटीए लिहिलेलं असेल तर चुनखडीच्या मातीत त्याचा फारसा उपयोग होत नाही, ईडीडीएचए लिहिलेलं मागा. महाग असतं, पण थोडं लागतं. खरा उपाय पाण्याचा. पावसाचं पाणी पिंपात साठवून ते अनंतासाठी राखून ठेवा. आणि थोडी वाटही बघा. थंडीत मुळं मंदावतात तेव्हा अनंत तसाही पिवळट दिसतो, मार्चमध्ये नवी पालवी येताना त्यातला काही भाग आपोआप सुधारतो.

फूल न येण्याचं कारण मात्र लोहापेक्षा सावली असण्याची शक्यता जास्त. फोटोत मागे आंब्याची फांदी झुकलेली दिसते. झुडूप लावलं तेव्हा ती इतकी पसरलेली नसावी. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल एवढा आंबा विरळ करा. अनंताला हात लावू नका. कळ्या फांद्यांच्या शेंड्यांना येतात, आत्ता छाटला तर यंदाची फुलं गेलीच. छाटणी बहर संपल्यावर. जूनमध्ये अर्धवट पिकलेल्या फांद्यांची चार-पाच इंचांची कलमं लाल माती आणि कोकोपीट घातलेल्या कुंडीत लावून ठेवा, म्हणजे जमिनीतला अनंत दगावला तरी मावशींचं झाड घरात राहील. तगर निघाली तर यातलं काहीच करायची गरज नाही. ऊन द्या, हवी तशी छाटा, ती फुलेल.

परसात बाकी जे उगवलंय म्हणता त्यात एकदांडी, माका, भुईआवळी दिसतात, त्यांची घाई नाही. गाजरगवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. आणि जोत्याच्या फटीत जे हृदयाच्या आकाराचं, लांब टोकाचं पान दिसतंय तो पिंपळ. तो आजच मुळासकट काढा, भिंत उकलायला त्याला फार वर्षं लागत नाहीत.

शेंग उघडलीत की बियांचा फोटो टाका. झुडपाचा फोटो टाकताना अख्खं झाड नको, वरून तिसरं पेरं आणि मोडलेल्या पानाचं देठ, दोन्ही जवळून. तोवर नळाखाली बादली ठेवा, गळणारं पाणी मुळाशी जाऊ देऊ नका.